टिरेट्टा बाजार: सकाळी आठपर्यंतचं चायनाटाउन

कोलकात्यात रविवारी पहाटे पाचचा गजर लावून मी उठलो तो दर्शनासाठी नव्हे, पोर्क बाओसाठी, म्हणजे डुकराचं मांस भरलेल्या वाफवलेल्या चिनी पावासाठी. टॅक्सीवाल्याला 'टिरेट्टा बाजार' सांगून काही कळेना. 'पोद्दार कोर्ट' म्हटल्यावर त्याने मुकाट्याने मीटर टाकला.

सन यत सेन स्ट्रीटच्या कडेला ॲल्युमिनियमच्या मोठाल्या डब्यांतून वाफा निघत होत्या. बाओ, फिश बॉल सूप, दोरीला टांगलेली सॉसेजेस आणि त्याला खेटूनच पुरी-भाजी, पालेभाज्या, तडफडणारे मासे. मोमोवाल्या पोराला गाव विचारलं, तर दरभंगा! खरं तर रस्त्यावर चिनी चेहरे शोधावेच लागत होते. बाओ विकणाऱ्या एक आजी मात्र इथल्याच, हाक्का या चिनी समाजातल्या. बंगाली वळणाच्या हिंदीत बोलत होत्या. मुलं टोरोंटोला.

चायनाटाउनला नाव एडवर्ड टिरेट्टा या व्हेनिसच्या माणसाचं, हीही गंमतच. त्याआधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, अछू नावाच्या चिनी व्यापाऱ्याने वॉरन हेस्टिंग्जकडून बजबजजवळ जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढला. ते गाव आजही अछीपूर. पुढे आलेल्यांनी धंदे जणू वाटूनच घेतले. कँटोनीज सुतारकामात, हुपे प्रांताकडचे दातांच्या दवाखान्यात, हाक्का चामड्यात आणि बुटांत. बेंटिंक स्ट्रीटवरची चिनी बुटांची दुकानं त्यांचीच.

आजींना १९६२बद्दल विचारायचं ओठांवर आलं होतं, पण बाओ खाता खाता कुणाला असलं विचारवत नाही. युद्ध सुरू झालं आणि आसाम, दार्जिलिंगकडच्या चिनी कुटुंबांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. सुमारे ३,००० माणसं, त्यात या देशात जन्मलेली पोरंसुद्धा. काही जण तर वर्षानुवर्षं आत होते. कोलकात्यातल्या चिन्यांनाही पोलिसांत हजेरी लावावी लागे. लोक कॅनडाला का गेले, हे त्यानंतर वेगळं विचारायला नको. कधीकाळी वीसेक हजारांची असलेली शहरातली वस्ती आता दोनेक हजारांवर आली आहे.

आदल्या संध्याकाळी टांगऱ्याला, शहरातल्या दुसऱ्या चिनी वस्तीत गेलो होतो. तिथल्या चामड्याच्या कारखान्यांना १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराबाहेर, बानतल्याला जायला सांगितलं. पुष्कळांनी तोवर हॉटेलं काढलीच होती. चिली चिकन तिथे खाल्लं, बरं होतं. पण मंचुरियनचा मान आपल्या मुंबईचा. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी ते १९७५मध्ये चर्चगेटच्या क्रिकेट क्लबात पहिल्यांदा केलं, असं सांगतात. आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवरचा कोबी मंचुरियन या गल्ल्यांचा दूरचा नातेवाईकच म्हणायचा! टांगऱ्यातल्या चिनी काली मंदिरात नूडल्सचा प्रसाद असतो म्हणे. मला पेढाही मिळाला नाही, मंदिर बंद होतं.

बाजारामागे सी इप चर्च आहे. इथे चिनी देवळाला चर्चच म्हणतात. जिना चढून वर गेलो, तर क्वान यिन देवीपुढे उदबत्त्या जळत होत्या आणि माणूस एकही नव्हता. सोनेरी कोरीवकाम बघण्यात अर्धा तास कसा गेला कळलंच नाही.

परत आलो तेव्हा साडेआठ झाले होते. आजी डबे पुसत होत्या, त्यांच्या जागेवर मोटार लावायला एक जण हॉर्न वाजवत उभा. दुसरा बाओ मागितला.

"खतम," त्या म्हणाल्या. "संडे को आना. छे बजे."