आमची वाटचाल : डोंगल, द्राक्षं आणि प्रॉम्प्ट

१९९८ साली नाशिकला शालिमारजवळच्या गाळ्यात डिझाइनचं दुकान टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे एक पेंटियम कॉम्प्युटर, पानं लावायचं पेजमेकर, चित्रं काढायचं कोरल आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची किल्ली. ते डोंगल हरवलं की मराठी बंद आणि धंदाही बंद, म्हणून रात्री गाळ्याला कुलूप लावताना ते खिशात घालून घरी न्यायचो. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून प्रेसवाल्याकडे धावायचं. तो एकच विचारायचा, "कर्व्ह केलंय का?" म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेत का, नाहीतर त्याच्याकडे फॉन्ट बदलायचा. लग्नपत्रिका झाल्या, बिलबुकं झाली, फ्लेक्स आले, मग व्हॉट्सअॅपवर फिरणारी इन्फोग्राफिक, म्हणजे माहितीची चित्रं आली. ती वर्षं बरी गेली.

सांगायचंय ते २०२३ चं. आदल्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं होतं. त्याच्या जोरावर उन्हाळ्यापर्यंत बाहेरगावची एक एजन्सी आमच्या गिऱ्हाइकांच्या दारात उभी. नाव घेत नाही, लाइनीतले ओळखतील. ऑफर अशी, की महिन्याला तीस इन्फोग्राफिक, तीही आमच्या निम्म्या दरात. ठिबकवाली कंपनी गेली. खतवाली गेली. जिच्या पहिल्या लेटरहेडपासून आम्ही होतो ती पतसंस्थाही गेली, आणि साधा फोन करून सांगितलंसुद्धा नाही. दोन्ही ऑपरेटर सोडून गेले. गाळ्याचं भाडं थकलं आणि घरातलं सोनं बँकेत गेलं.

आणि त्या तीस चित्रांत होतं काय? ठिबक कंपनीच्या पेजवर सोमवारी 'पाणी वाचवण्याचे ५ मार्ग', वर निळा थेंब. पुढच्या सोमवारी 'पाणी बचतीच्या ५ सोप्या टिप्स', तोच थेंब, फक्त डावीकडे सरकवलेला. 'सिंचन'वरचा अनुस्वार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेला. मी हे सगळे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवलेत. कुणी आलं की अजून दाखवतो.

त्या वर्षी टिकलं ते एक गिऱ्हाईक. पिंपळगाव बसवंतला शेतीच्या औषधांचं दुकान असलेले आमचे अण्णा. एजन्सीचा मुलगा त्यांच्याकडेही गेला होता. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "खरड छाटणी कधी असते रे?" तो मोबाइल काढून शोधायला लागला. "सावकाश शोध, सापडलं की ये," म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, या द्राक्षवेलीच्या वर्षातल्या दोन छाटण्या ज्याला माहीत नाहीत त्याने द्राक्षवाल्याला काय शिकवायचं!

पण मला यंत्राकडे ढकललं तेही अण्णांनीच. "भाऊ, तो एआय तुमचा वैरी नाही, तो पोरगा वैरी आहे. विचारून तर बघा."

विचारलं. 'द्राक्ष बागायतदारांसाठी इन्फोग्राफिकच्या दहा कल्पना दे.' पहिलीच कल्पना आली : द्राक्षं खाण्याचे आरोग्यदायी फायदे. निफाडच्या माणसाला, ज्याच्या घरात द्राक्षाकडे कुणी ढुंकून बघत नाही! त्या एजन्सीचं गुपित तिथेच कळलं. ते नुसता विषय देत होते आणि यंत्र जगभर चालणारं सरासरी उत्तर देत होतं.

मग अण्णांच्या काउंटरवर उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांचा मुलगा गिऱ्हाइकांचे प्रश्न जसेच्या तसे टिपू लागला. 'फवारल्यावर पाऊस आला, परत मारू का?' 'बागेत चिखल आहे, ब्लोअर जात नाही, डाऊनी तर थांबत नाही.' (ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र, डाऊनी म्हणजे बुरशीचा रोग.) 'ही दोन औषधं एका टाकीत चालतील का?' ही पानं हातात आल्यावर प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायची सूचना, असा झाला :

'वाचणारा निफाड-दिंडोरी भागातला बागायतदार. गोडी छाटणी होऊन महिना झालाय, बाग फुलोऱ्याच्या तोंडावर, काल रात्री पाऊस झालाय. तो सकाळी सहा वाजता बांधावर उभा राहून मोबाइल बघतोय. खाली त्याच्या भागातल्या लोकांचे प्रश्न आहेत. आधी हे प्रश्न निर्णयांप्रमाणे गटांत लाव. मग प्रत्येक निर्णयासाठी एकाच चित्राची कल्पना दे आणि दिवसांची पट्टी, हो-नाहीचा फाटा की दोन बाजूंची तुलना, कोणता आकार का, ते एका ओळीत सांग. टिप्स नकोत, फायदे नकोत, औषधाचं प्रमाण किंवा दिवस मनाने लिहू नकोस, तिथे जागा रिकामी सोड.'

यातून 'पाऊस थांबला, आता काय?' हे हो-नाहीच्या फाट्यांचं चित्र निघालं. पान ओलं आहे का, ट्रॅक्टर आत जातो का, फवारून किती तास झाले. अण्णांनी त्याचा फ्लेक्स करून दुकानाच्या शटरशेजारी लावला आणि लोक उभे राहून त्याचा फोटो काढू लागले.

ती रिकाम्या जागेची अट मुद्दाम आहे. एकदा ती न घालता काम सोडलं, तर यंत्राने एका बुरशीनाशकाचा पीएचआय, म्हणजे शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायचे दिवस, ठोकून दिला. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीशी ताडलं, आकडा वेगळा. अण्णा २०१० विसरलेले नाहीत. तेव्हा लिहोसिनच्या, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे युरोपात आपले द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. आकडा आम्ही यादीतूनच घेतो आणि चित्राच्या कोपऱ्यात यादीची तारीख टाकतो. चित्रही यंत्राकडून काढून घेत नाही. त्याची जोडाक्षरं अजून अधूनमधून फुटतात आणि आमच्याकडे कोरल आहे.

नवीन पोरांना, विचारलं नसलं तरी, सांगतो. पहिल्या दहा कल्पना वाचा आणि फेकून द्या, त्या सगळ्यांना मिळतात. मग यंत्राला म्हणा, 'आता तू तोच बागायतदार हो आणि या चित्रावर मला उलटे प्रश्न विचार.' खरं काम तिथे सुरू होतं. एका चित्रात एकच निर्णय ठेवा. आणि कल्पनेचे पैसे बिलात वेगळ्या ओळीत लावा, नाहीतर गिऱ्हाइकाला वाटतं आपण फक्त रंग भरले.

खतवाली कंपनी गेल्या हंगामात परत आली. आम्ही अर्धे पैसे आगाऊ मागितले, त्यांनी दिले. पतसंस्था आली नाही. तिचं शेवटचं बिल अजून येणं आहे. त्यावरचा अठरा टक्के जीएसटी मात्र आम्ही त्याच महिन्यात खिशातून भरलाय.