पुस्तकातला चंद्र कुठल्या तिथीचा?

वाई, ६ एप्रिल २०२५

मंडळी, जानेवारीत सांगितलं होतं की जवळच्या गावातल्या प्राथमिक शाळेत दर शनिवारी मला एक तास मिळालाय. चौथी-पाचवीची मुलं, सगळी मिळून एकोणीस. शनिवारची शाळा सकाळची, त्यामुळे दुर्बीण घेऊन जाण्यात अर्थ नव्हता. वर्गात वाचनकोपऱ्याची पेटी होती. म्हटलं, आकाश इथूनच सुरू करू. ज्या गोष्टीच्या पुस्तकात चंद्र किंवा तारे आहेत ते बाजूला काढा, असं मुलांना सांगितलं. तेवीस पुस्तकं निघाली!

पहिल्याच शनिवारी एक पान सापडलं. आई बाळाला झोपवतेय, खिडकीत चंद्रकोर, इंग्रजी सी अक्षरासारखी, डावी बाजू उजळ. आणि कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये एक चांदणी. मी काहीच समजावलं नाही, फक्त तीन प्रश्न फळ्यावर लिहिले: हा चंद्र कुठल्या तिथीचा? किती वाजताचा? कुठल्या दिशेला? मग बॅटरी आणि चेंडू घेऊन आम्ही वर्गातच अंधार केला. डावी बाजू उजळ असलेली कोर वद्य पक्षाच्या शेवटी, पहाटे, पूर्वेला दिसते, हे मुलांनी चेंडू फिरवून स्वतः काढलं. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "मग ही आई बाळाला पहाटे चार वाजता झोपवतीय का?"

त्या चांदणीचा निकाल लागायला आणखी पंधरा मिनिटं गेली. चंद्राचा न दिसणारा भाग तिथेच असतो, त्याच्या आरपार तारा कसा दिसेल? चेंडूची अंधारी बाजू हातात धरल्याशिवाय हे पटत नाही, मोठ्यांनाही.

एक गोष्ट मी पक्की ठरवली आहे. चित्र चुकलं असं म्हणायचं नाही आणि पुस्तकावर पेन्सिल लावायची नाही. चित्रकाराला मोकळीक हवीच. आम्ही तीन उत्तरांची चिठ्ठी लिहून त्या पानात ठेवतो, बस्स. आता पेटीतलं पुस्तक उघडलं की चिठ्ठ्या बाहेर पडतात आणि ज्यांनी तो तास केला नाही ती तिसरीची मुलंही भांडायला लागतात. मराठीच्या बाईंनी या चिठ्ठ्याच लेखनाचा गृहपाठ म्हणून धरल्या, हे फार बरं झालं.

१ फेब्रुवारी, माघी गणेश जयंतीचा शनिवार. संध्याकाळी शाळेच्या मैदानात जमलो. कोर आणि शुक्र अगदी शेजारी होते. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश, हे शिकवून सूर्य मावळला तिथपासून चंद्रापर्यंत मोजायला लावलं. चार मुठी भरल्या. गणिताचा तास इथे घडला: ३६० अंश, ३० तिथी, म्हणजे एका तिथीला १२ अंश. चाळीसच्या वर अंश म्हणजे तीन तिथ्या पूर्ण होऊन चौथी चालू. कॅलेंडर बघितलं, चतुर्थी! तिथी ही आकाशात मुठीने मोजता येते, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघायला हवे होते तुम्ही. १ मार्चला हाच प्रयोग केला, दोन मुठी आल्या, द्वितीया. चंद्राच्या वर शुक्र होता. माझ्या ७० मिमीच्या दुर्बिणीतून तो स्वतःच बारीक कोरीसारखा दिसत होता. "सर, हा लहान चंद्र आहे," असं तिघांनी तरी सांगितलं.

त्याच संध्याकाळी पाचवीतल्या एका मुलीने विचारलं की पुस्तकात चंद्र उभा असतो आणि इथे होडीसारखा आडवा का? मी क्षणभर गप्प झालो, कारण इतकी वर्षं आकाश बघतोय आणि पुस्तकाशेजारी ठेवून मी कधी बघितलंच नव्हतं. आपण जवळपास १८ अंश उत्तर अक्षांशावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी सूर्य-चंद्राचा मार्ग क्षितिजाशी जवळजवळ काटकोनात उभा असतो, म्हणून सूर्य थेट खाली आणि कोरीचं पोट खाली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीच कोर बरीच कललेली दिसते. पेटीतली बरीच पुस्तकं परदेशी चित्रांची, युरोप-अमेरिकेत काढलेली. तिथे कोर आपल्यापेक्षा उभी दिसते. मग त्या मुलीनेच सांगितलं, "आज्जीची चंद्रकोर टिकली अशीच असते, आडवी." तिची चिठ्ठी मी वहीत चिकटवून ठेवली आहे.

ध्रुवाच्या गोष्टीनेही असंच झालं. अढळपद म्हणजे सगळ्यात उंच जागा असं धरून मुलं मान वर करून डोक्यावर शोधत होती. आपल्याकडे ध्रुव १८ अंशांवर, दोन मुठींच्याही खाली. पाचवीला नकाशा शिकवणाऱ्या गुरुजींना यातून अक्षांशाचा तास मिळाला. एच. ए. रे यांचं १९५२ सालचं ताऱ्यांचं पुस्तक माझ्याकडे आहे. त्यातले नकाशे अमेरिकेतल्या मुलांसाठी आहेत, त्यात ध्रुव कितीतरी वर. दोन्ही शेजारी ठेवले की पृथ्वी गोल असल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

सगळ्यात जास्त रंगला तो इतिहास. चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक आहे. त्यातली राजमुद्रा मुलांना पाठ असते: प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः, प्रतिपदेच्या चंद्ररेषेसारखी वाढत जाणारी. मी तेच तीन प्रश्न विचारले. वाढणारी म्हणजे शुद्ध पक्ष, संध्याकाळ, पश्चिम. तिथी मुद्रेतच दिलेली. पण प्रतिपदा म्हणजे सूर्यापासून शून्य ते बारा अंश, फार तर एक मूठ आणि थोडं. संधिप्रकाशात इतकी बारीक रेषा सापडणं कठीण. मुलांनी ठरवलं, बघायचीच.

३० मार्चला गुढीपाडवा, रविवार. दुपारीच प्रतिपदा संपून द्वितीया लागली होती, हे मी आधीच सांगून ठेवलं. सूर्य मावळल्यावर अकरा मुलं आणि चार-पाच पालक गच्चीवर. सात वाजून गेले तरी काही दिसेना. मग एकाने डोंगराच्या वर बोट दाखवलं. नखाने ओढल्यासारखी रेघ, आडवी. जेमतेम दीड मूठ. एका मुलाच्या अब्बांनी फोन करून घरी कळवलं, कारण तोच चंद्र दुसऱ्या दिवशीच्या ईदचा होता. कोणीतरी मुद्रा म्हणायला सुरुवात केली आणि सगळी मुलं म्हणायला लागली. शुक्र मात्र गायब. २३ मार्चला तो पृथ्वी आणि सूर्याच्या मधल्या बाजूने पुढे सरकून पहाटेच्या आकाशात गेला होता.

एक प्रयोग फसला. चंद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा उगवतो असं मी ठोकून सांगितलं होतं. १४४० मिनिटांना साडेएकोणतीसने भागलं की सरासरी तेवढीच येते, पण मुलांनी पौर्णिमेनंतर चार रात्री वेळा लिहिल्या आणि फरक दर वेळी वेगळा आला. सरासरी हा शब्द आधी सांगायला हवा होता.

पुढचं काम ७ सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणाचं. रविवार आहे, रात्री दहाच्या सुमारास ग्रहण लागेल. ढग असतीलच, म्हणून वर्गातली तयारी जूनपासून. ग्रहणाचं चित्र असलेली मुलांची पुस्तकं तुमच्याकडे असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. लाल चंद्र काढलेलं एक तरी पान हवं आहे.