‘बातमी खरी आहे’ एवढ्याने बदनामीच्या खटल्यातून सुटका होत नाही

इंदूरच्या कोर्टात ज्याला ‘मानहानीचा परिवाद’ म्हणतात, तीच आपली बदनामीची फिर्याद. इथे मराठी मंडळाचं पाक्षिक काढणाऱ्यांपासून यूट्यूबवर वॉर्डाच्या बातम्या देणाऱ्यांपर्यंत अनेकांची एक पक्की समजूत असते: बातमी खरी, मग भीती कसली? दिवाणी दाव्यात हे चालतं, तिथे सत्य हा पुरेसा बचाव आहे. फौजदारीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये (जुन्या दंड संहितेतली 499 आणि 500) पहिल्या अपवादाचा फायदा हवा असेल, तर मजकूर खरा होता आणि तो छापणं लोकहिताचं होतं, हे दोन्ही दाखवावं लागतं. शिक्षा 2 वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा.

पत्रकाराला खरा आधार नवव्या अपवादाचा: सद्भावनेने, लोकहितासाठी केलेलं विधान. पण कायद्यातली सद्भावना म्हणजे मन स्वच्छ असणं नव्हे. पुरेशी काळजी घेऊन, लक्ष देऊन केलेलं तेच सद्भावनेचं. आणि ते सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं.

यावरचा महत्त्वाचा निकाल आपल्याच मध्य प्रदेशातला आहे. आणीबाणीत भोपाळच्या तुरुंगातल्या मिसाबंद्यांविषयी (‘मिसा’ कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्यांविषयी) ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने बातमी छापली. हायकोर्टाने सरकारी चौकशी अहवाल पाहून संपादक करंजियांविरुद्धची कारवाई रद्द केली. 1981 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक मताने ती पुन्हा सुरू केली. काळजी घेतली होती का, हा पुराव्याचा प्रश्न आहे, तो खटल्यातच ठरेल, असं बहुमताचं म्हणणं. म्हणून बातमीआधी केलेल्या पडताळणीची नोंद हवी: कोणाला, किती वाजता फोन केला, कोणते प्रश्न पाठवले, उत्तर काय आलं. उत्तर आलं नाही, तर तेही लिहून ठेवा. छापून झाल्यावर गोळा केलेले कागद छापण्याआधीची काळजी दाखवत नाहीत.

याची दुसरी बाजू ‘लोकमत’च्या जवाहरलाल दर्डांच्या प्रकरणात दिसते. विधानसभेत मंत्र्याने दिलेलं उत्तर त्यांनी जसंच्या तसं छापलं होतं. 1998 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते सद्भावनेचं आणि लोकहिताचं मानलं. अधिकृत नोंदीला धरून राहिलात की पाय घट्ट असतात. घसरण होते ती मथळ्यात. मजकुरात ‘आरोप’ आणि मथळ्यात ‘घोटाळेबाज’ असेल, तर तो मथळाच फिर्यादीत उतरवला जातो.

सुप्रीम कोर्टाच्या 1994 च्या राजगोपाल निकालाने अधिकाऱ्यांच्या सरकारी कामाबद्दल लिहिताना मोठं संरक्षण दिलं: मजकूर खोटा होता आणि खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापला, हे सिद्ध झाल्याशिवाय नुकसानभरपाई नाही. पण ते दिवाणी दाव्यापुरतं. 2016 मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात कोर्टाने फौजदारी बदनामी घटनेला धरून आहे असं ठरवलं. माझ्या मते तिथेच पत्रकारितेचं नुकसान झालं, कारण छोट्या संपादकाला शिक्षेआधी तारखाच थकवतात.

आता प्रक्रिया. पोलिस यात परस्पर गुन्हा नोंदवत नाहीत, बाधित व्यक्तीने मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद द्यावी लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 223 प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी मिळते. ती नोटीस समन्स समजून बाजूला टाकू नका. फिर्यादी खरोखर बाधित आहे का, फिर्याद मुदतीत आहे का, मजकुरात त्याची ओळख पटते का, हे तिथेच मांडता येतं. कागदोपत्री दुसऱ्याच कोणाचं संपादक म्हणून नाव असेल, तर पहिली जबाबदारी त्याच्यावर येते. केवळ मान म्हणून काकांचं नाव छापणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

लेख काढून टाका असा अंतरिम मनाई हुकूम मागितला गेला, तर सुप्रीम कोर्टाचा मार्च 2024 चा ब्लूमबर्ग निकाल वकिलांना दाखवा. सुनावणीआधी बातमी रोखणं अपवादानेच व्हावं, असं त्यात म्हटलं आहे.

दिवाणी दाव्याची मुदत 1 वर्ष, फौजदारीची 3 वर्षं. तोवर टिपणवही, रेकॉर्डिंग आणि व्हॉट्सॲपचे संदेश जपा. नवा फोन घेताना जुन्यातले संदेश आधी उतरवून घ्या.