तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांच्या निवडणुकीशी माझा काय संबंध?

दर चार वर्षांनी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा नोव्हेंबर जवळ आला की मला हे विचारले जाते. कधी व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी, कधी एखाद्या लग्नात जेवणाच्या पंगतीत, तर कधी एखादा जुना विद्यार्थी मुद्दाम फोन करून विचारतो: ‘‘मॅडम, तो देश तुमचा नाही, तिथे तुम्हाला मत नाही, मग एवढ्या पोटतिडकीने का बोलता?’’ आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो: ‘‘तुम्ही तिथल्या नागरिक असता, तर मत कोणाला दिले असते?’’ पहिला प्रश्न विचारणाऱ्याला मी गप्प बसावे असे वाटत असते आणि दुसरा विचारणाऱ्याला मी कोणत्या तरी एका बाजूला जाऊन बसावे असे वाटत असते. आजवर मी दोघांनाही काहीतरी मोघम सांगून वाटेला लावले. आता एकदा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला फारसा वेळ लागत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो निग्रो गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना, आणि आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवतील अशी आशाही त्यांनी तिथे व्यक्त केली. तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांना राज्यघटनेच्या पंधराव्या दुरुस्तीने मताचा हक्क मिळून जेमतेम तीन वर्षे झाली होती. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी साक्षरतेच्या परीक्षा, मतदानासाठीचा कर आणि उघड दहशत वापरून तो हक्क जवळजवळ काढून घेतला, आणि १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत तो बहुतेकांना परत मिळाला नाही. ज्या देशाला आमच्या समाजक्रांतिकारकाने आपला ग्रंथ अर्पण केला, त्या देशाने त्या अर्पणपत्रिकेचे पुढे काय केले हे विचारण्याचा अधिकार मला आहे असे मी मानते. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि संसदीय पद्धत शेजारी शेजारी ठेवून, पहिलीत स्थैर्य अधिक आणि दुसरीत उत्तरदायित्व अधिक, असे सांगून आपण दुसरी का निवडली हे स्पष्ट केले. इतके निरखून ज्या घराकडे आमच्या माणसांनी पाहिले, त्या घराकडे पाहण्यासाठी मला कोणाच्या परवानगीची गरज वाटत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे मात्र तसे नाही. तीस वर्षे मी सांगलीत राज्यशास्त्र शिकवले आणि दरवर्षी फळ्यावर मधोमध रेघ ओढून डावीकडे डेमोक्रॅट आणि उजवीकडे रिपब्लिकन असे दोन रकाने भरत गेले. शब्दांपाशी विद्यार्थी अडखळतात हे मला माहीत होते, म्हणून त्यावर मी आणखी वेळ देत असे. आपल्याकडे उदारमतवादी म्हटले की रानडे आणि गोखले आठवतात. अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या मंदीवरच्या सरकारी मदत-कार्यक्रमानंतर, म्हणजे १९३३ पासून, लिबरल म्हणजे सरकारने बाजाराला आवर घालावा आणि म्हाताऱ्या, बेकार माणसांची जबाबदारी घ्यावी असे म्हणणारा. सरकारने नागरिकाच्या वाटेला कमीत कमी जावे, हा मूळचा उदारमतवादी आग्रह तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह या नावाने चालतो. लिंकन यांचा पक्ष रिपब्लिकन, आणि वर्णभेद टिकवून धरणारे दक्षिणेतले नेते डेमोक्रॅट. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केल्यानंतर हे चित्र हळूहळू उलटे झाले. हे सगळे मी मन लावून शिकवले आणि त्यात चुकीचे असे काही सांगितले नाही. तरीही ते दोन रकाने घेऊन मी जे केले ते आता सांगते, कारण त्याशिवाय तुमच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होणार नाही.

आमच्या घरी ‘समाजवादी’ हा शब्द आदराने उच्चारला जायचा. वडील, आमचे अण्णा, सेवा दलात वाढलेले, एस. एम. जोशी आणि नानासाहेब गोरे यांची भाषणे ऐकायला सायकलवरून परगावी जाणारे. माझा धाकटा भाऊ १९९० च्या सुमारास अमेरिकेत गेला, पुढे तिथला नागरिक झाला, आणि पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाच्या उत्तरेला, शहरापासून तासाभराच्या अंतरावर त्याने छपाईचा लहानसा व्यवसाय सुरू केला. निवृत्तीनंतर, २०१६ च्या ऑक्टोबरात, मी त्याच्याकडे गेले. महिनाभर मी त्याच्या घरी रोज रात्री टीव्हीसमोर बसून, कोणता जिल्हा कुठे झुकेल, उपनगरांतल्या बायका काय करतील, हे त्याला, भावजयीला आणि सोळा वर्षांच्या भाच्याला समजावून सांगत होते. अण्णांचा मुलगा मत कोणाला देणार, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

८ नोव्हेंबरला सकाळी मी त्याच्याबरोबर मतदान केंद्रावर गेले. अग्निशमन दलाच्या इमारतीत केंद्र होते आणि दाराबाहेर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते नमुना मतपत्रिका वाटत उभे होते. भाऊ आत गेला. मी बाहेर थांबले आणि दोघांच्याही मतपत्रिका मागून घेतल्या. एक पिवळ्या कागदावर होती, ती अजून माझ्या फायलीत आहे. राष्ट्राध्यक्षपद हे त्यात फक्त सर्वांत वरचे नाव होते. त्याखाली सिनेटर, राज्याचे ॲटर्नी जनरल, लेखापरीक्षक, खजिनदार, प्रतिनिधिगृह, राज्याचे विधिमंडळ, आणि शेवटी न्यायाधीशांनी ७५ व्या वर्षी निवृत्त व्हावे काय, असा घटनादुरुस्तीचा प्रश्न. तोवर मर्यादा ७० वर्षांची होती, हे त्या प्रश्नात कुठेही म्हटलेले नव्हते. ज्यांना एवढा खटाटोप करायचा नसेल त्यांच्यासाठी पेनसिल्व्हेनियात तेव्हा एक सोय होती: पक्षाचे एक बटण दाबले की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना एकदम मत. कागद वाचतच होते, एवढ्यात सांगलीहून फोन आला की पाचशे आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून रद्द झाल्या. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजून गेले होते, तिथे साडेनऊ. ‘‘त्या दिवशी देशात एवढे घडत असताना तुम्ही पेनसिल्व्हेनियाची मोजणी बघत बसलात,’’ असे मला नंतर अनेकांनी सुनावले. खरे आहे, बघत बसले होते.

रात्री मध्यरात्र उलटली. भावजय सोफ्यावरच लवंडली होती. दीडच्या सुमारास पेनसिल्व्हेनिया रिपब्लिकन ट्रम्प यांच्याकडे गेल्याचे जाहीर झाले आणि मी मोठ्याने म्हणाले, ‘‘कोणी केलं असेल हे?’’ भाऊ सिंकपाशी कप विसळत होता. वळून न बघता तो म्हणाला, ‘‘ताई, मी केलंय.’’

मला आधी वाटले, चेष्टा करतो आहे. मग त्याचे खांदे पाहिले आणि कळले. मी म्हणाले, ‘‘अण्णा असते, तर त्यांनी तुला दारात उभं केलं नसतं.’’ हे वाक्य मी त्याच्या मुलासमोर म्हटले. भाच्याने बापाकडे बघून इंग्रजीत एवढेच विचारले, की हे खरे आहे का. भाऊ ‘हो’ म्हणाला. मुलगा उठून आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतले. भावाने हात पुसले, फ्रिजवर दगडूशेठ गणपतीच्या चुंबकाखाली लावलेले एक पत्र काढले आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवले. आरोग्य विम्याचा पुढच्या वर्षीचा हप्ता किती होणार, त्याचे ते पत्र होते. त्या वर्षी, डेमोक्रॅट सरकारने केलेल्या आरोग्य विमा कायद्याखाली, स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्यांचे हप्ते अनेक राज्यांत भडकले होते. महिनाभर मी त्याच फ्रिजमधून दूध काढत होते आणि ते पत्र मी एकदाही वाचले नव्हते.

‘‘तू पगार घेतलास, आता पेन्शन घेतेस,’’ तो म्हणाला. ‘‘मला हे दर महिन्याला भरायचं असतं.’’

‘‘आणि तो माणूस मेक्सिकन लोकांबद्दल, मुसलमानांबद्दल जे बोलतो ते?’’

‘‘ते मला आवडत नाही.’’

‘‘तरी?’’

‘‘तरी. ताई, महिना झाला तुला येऊन. तू मला एकदाही विचारलं नाहीस. तू फक्त सांगत होतीस.’’

मी आठवडाभराने परत आले. विमानतळावर सोडताना भावजयीने मला बाजूला घेऊन सांगितले की तिने डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन यांना मत दिले होते, आणि त्यांच्या घरात याची दोघांनाही आधीपासून कल्पना होती. पुढचे चार महिने भावाचा फोन आला नाही आणि मीही केला नाही.

त्या काळात मी पेनसिल्व्हेनियाचा निकाल वारंवार काढून वाचत असे. ट्रम्प यांचे मताधिक्य ४४,२९२. तिथली आणि मिशिगन, विस्कॉन्सिनमधली मिळून सुमारे ७७ हजार मते, आणि तेवढ्यावर अध्यक्ष ठरला. देशभरात मात्र क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त होती. तिथे अध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही, राज्याराज्यांत जिंकलेल्या निर्वाचक मतांवर ठरतो. ही पद्धत अन्यायकारक आहे असे मी २००० सालापासून, म्हणजे डेमोक्रॅट उमेदवार गोर यांना देशभरात जास्त मते मिळूनही फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर अध्यक्षपद गेले तेव्हापासून, वर्गात सांगत होते. तुमच्यापैकी एकाने मला विचारले होते, की आपल्याकडे २०१४ साली भाजपच्या ३१ टक्के मतांवर २८२ जागा आल्या, तेव्हा तुम्ही त्या पद्धतीला अन्यायकारक म्हणालात का? नव्हते म्हणाले. आपल्याकडे निदान प्रत्येक मतदारसंघात ज्याला जास्त मते तोच निवडून येतो, असे उत्तर मी दिले होते आणि ते मला आजही पटते, पण पूर्वीइतक्या सहजपणे ते तोंडून निघत नाही.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती, ती मी बराच काळ पाहून न पाहिल्यासारखी केली. पेनसिल्व्हेनियाने ट्रम्प यांच्याबरोबर रिपब्लिकन सिनेटर टूमी यांना निवडून दिले, आणि ॲटर्नी जनरल, लेखापरीक्षक व खजिनदार या तिन्ही जागांवर मात्र डेमोक्रॅट निवडून आले. असंख्य लोकांनी ते एकच बटण दाबले नव्हते. पुढच्या वर्षी, मी न विचारता, भावाने सांगितले की त्या तीन जागांवर त्याचीही मते डेमोक्रॅटांनाच होती. फळ्यावरच्या माझ्या दोन रकान्यांत त्याला कुठे बसवायचे, हे मला सांगता येईना.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. विचारसरणी हा वरचा मुलामा, माणसे मत देतात ती घरखर्च पाहून, असे मी दोन वर्षे व्याख्यानांतून ठासून सांगितले, आणि तुमच्यापैकी काहींनी त्याची टिपणेही काढली असतील. आज तेही मला अपुरे वाटते. कारण ते पत्र त्याच घरात, त्याच फ्रिजवर, भावजयीनेही रोज पाहिले होते. हप्ता दोघांच्या मिळकतीतून जाणार होता. आणि तिने मत वेगळे दिले. त्या पत्राने भावाचे मत समजते, तिचे समजत नाही. मग विचारसरणी म्हणून काहीतरी असतेच ना, जी एकाच हप्त्याचे दोन अर्थ लावते? यापुढे मला अजून जाता आलेले नाही.

मी भावाला माफ केले असे समजू नका, आणि त्याने मला केले असेही. ६ जानेवारी २०२१ च्या रात्री, अमेरिकेच्या संसदभवनात जमाव घुसला तेव्हा, त्याने आपणहून फोन केला. ‘‘टीव्ही बघतेस का?’’ एवढेच म्हणाला. मी ‘हो’ म्हटले आणि आम्ही दोघेही गप्प राहिलो. त्याच्या टीव्हीचा आवाज मला फोनमधून येत होता. ‘बघ, काय केलंस’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले याचे मला अनेक दिवस समाधान वाटत होते, पण खरे सांगायचे तर ते शब्द अजून तिथेच आहेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवेच असेल, तर २०१६ साली मी क्लिंटन यांना मत दिले असते. विम्याचा हप्ता न भरणाऱ्या बाईचे ते मत ठरले असते आणि तरीही ते योग्य होते असे मला वाटते. पेनसिल्व्हेनिया २०२० साली सुमारे ८० हजार मतांनी बायडेन यांच्याकडे गेले आणि २०२४ साली सुमारे १ लाख २० हजारांनी परत ट्रम्प यांच्याकडे आले. या दोन्ही वेळी भावाने काय केले, हे त्याने सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही. त्याने मला सुनावले होते की तू विचारत नाहीस. आता विचारायचे धाडस होत नाही.

अण्णांबद्दलचे ते वाक्य मी परत घेतलेले नाही. गेल्या वर्षी एका रविवारी फोनवर त्यानेच तो विषय काढला. ‘‘ताई, सत्त्याहत्तर साली अण्णा कोणाबरोबर प्रचाराला फिरत होते, आठवतं?’’ मला आठवत होते. जनता पक्षात समाजवादी आणि जनसंघवाले एकत्र आले होते, आणि ज्यांच्याशी अण्णांनी उभा जन्म वाद घातला त्यांच्याच खांद्याला खांदा लावून ते दारोदार मते मागत होते. मी म्हणाले, ‘‘तेव्हा आणीबाणी होती.’’ तो म्हणाला, ‘‘माहीत आहे मला. त्यांच्याबरोबर पत्रकं मीच वाटत होतो.’’ मग थोडा वेळ थांबून त्याने घराच्या मागच्या आंब्याला यंदा मोहर कसा आहे ते विचारले.