कारण सांगितलं की फसलात

आमच्याकडे रत्नागिरीजवळ पावस साइडला "नाही" असं कोणी तोंडावर म्हणत नाही, "बघूया" म्हणतात. समोरच्याने काय ते समजून घ्यायचं. प्रॉब्लेम असा की मुंबईच्या माणसाला बघूया म्हणजे हो वाटतं, आणि मला स्वतःलाही फोन ठेवल्यावर वाटायचं की अरे आपण हो म्हणालो वाटतं.

दरवर्षी एप्रिलमध्ये मामांचा, म्हणजे माझ्या मामेसासऱ्यांचा, फोन येतो. "अगं आंब्याच्या चार पेट्या पाठव, पैसे बघू नंतर." ते नंतर कधी आलेलं नाही. ऑफिसात वाटायला लागतात म्हणे. २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा फॅमिली ग्रुपवर सगळ्यात जास्त फटाके यांचेच. आणि वर "तुमचं काय, झाडालाच लागतात की". हो लागतात ना, मोहोर यायच्या आधीपासून फवारण्या, तुडतुडे, रात्रीचा राखणदार, आंबे उतरवायची घळ, म्हणजे जाळी लावलेली काठी, घेऊन झाडावर चढणारा गडी, ते काय आपोआप होतं?

पण हे सगळं मनात हां. फोनवर नाव दिसलं की माझे हात गार, छातीत धडधड, पोटात गोळा. मग मी कारणं द्यायचे. लाकडाच्या पेट्या संपल्यात म्हटलं तर त्यांनी पुठ्ठ्याचे बॉक्स पाठवले! अढीतला आंबा अजून कच्चा आहे म्हटलं, तर "चालेल गं, आम्ही पिकवू." गाडी नाही म्हटलं, तर गावातून कोण रात्रीच्या एसटीने निघतंय ते त्यांना माझ्या आधी माहीत.

गेल्या वर्षी झोपच उडाली तेव्हा टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन केला. फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलतात. आंब्यावरून अशा ठिकाणी फोन करायचा म्हणजे लाज वाटली खरी, पण पलीकडच्या ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या की धडधड पूर्ण थांबायची वाट बघू नका, ती असतानाच बोलायचं, आधी श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. वाक्य आधी लिहून मोठ्याने म्हणून बघा. आणि कारण देऊ नका, प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोडगा असतो. इथे मला ते पुठ्ठ्याचे बॉक्स आठवले.

मी वाक्य कॅलेंडरच्या मागे लिहिलं आणि गोठ्यात जाऊन म्हशीला तीनदा ऐकवलं. तिने काही हरकत घेतली नाही.

यंदा फोन आला. "मामा, या वर्षी उधारीवर पेट्या जमणार नाहीत. विकत हव्या असतील तर दोन बाजूला ठेवते." आवाज कापत होता, कापू दे म्हटलं. "का गं, पीक कमी आहे का?" इथे अगदी ओठांवर आलं होतं, "हो, कमी आहे" म्हणून टाकायचं, सोप्पं होतं. गिळलं. परत तेच वाक्य. "अगं पण आपल्यात काय हिशोब?" परत तेच, जरा हळू आवाजात. मग जी शांतता पसरली ना, कट झाला का म्हणून मी दोनदा स्क्रीन बघितली. "बरं," म्हणाले आणि ठेवला.

पाच मिनिटांत सासूबाईंचा फोन वाजला, अर्थात. त्या पडवीत बसून ऐकत होत्या, नुसतं हं, हं. मग आत आल्या, अढीतले आंबे चाचपले आणि डागी वेगळे काढायला लागल्या. मला एक अक्षर बोलल्या नाहीत. तो अख्खा दिवस मला जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू.

पेट्या मामांनी घेतल्या नाहीत. मे महिन्यात आले, रायवळ चोखत बसले, गप्पा नेहमीसारख्याच, थोडं लांबून. निघताना मीच एक फणस डिकीत ठेवला, कोणी न मागता. गाडी फाटकापर्यंत गेली, थांबली, काच खाली.

"कापा की बरका?"