दगडी पाला, फुकटचं फर्स्ट एड

रस्त्याकडेला, भिंतीच्या फटीत, कुठंही उगवतो हा, कुणी कंबरमोडी म्हणतं कुणी एकदांडी. लांब उघड्या दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळं आणि कडेला पाचेक पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला खाचा. पानं खरखरीत, केसाळ. खरचटलं की पानं धुऊन तळहातावर चोळायची, हिरवा रस थेट जखमेवर पिळायचा, थोडं झोंबतं पण रक्त लवकर थांबतं, पानांत टॅनिन आणि फ्लेव्होनॉइड्स ही वनस्पतींतली रसायनं असतात ना. उंदरांवरच्या प्रयोगांतही जखमा भरायला याची मदत दिसलीय. गंमत म्हणजे मूळचा हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचा आणि तिकडे शेजारी यूएसएमध्ये सरकारी उपद्रवी तणांच्या यादीत आहे! पण जखम खोल असेल किंवा गंजका खिळा लागला असेल तर पाला राहू दे, सरळ डॉक्टर गाठा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.