एजबँडिंग मशीनवरचा घसारा : माझा अनुभव

माझं मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब बनवायचं छोटं वर्कशॉप आहे, सांगलीजवळ. २०२४ साली ऑटोमॅटिक एजबँडिंग मशीन, म्हणजे प्लायवूडच्या कापलेल्या कडांवर पट्टी चिकटवणारं यंत्र, घेतलं. त्यावर आयकरात आणि जीएसटीत जे मिळायला हवं होतं ते सगळं मिळालं. आमच्या धंद्यातली बरीच माणसं जुलै महिन्यात सीएकडे बिलांची पिशवी घेऊन जातात आणि तेव्हा सवलतीची चौकशी करतात. तोवर निम्म्या गोष्टी हातातून गेलेल्या असतात. सवलत ठरते ती मशीन घेताना, म्हणून हे लिहितोय.

पहिला प्रश्न हिशोब कसा ठेवायचा हा. छोट्या धंद्यासाठी आयकराच्या कलम ४४एडीची सोपी वाट आहे. उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरायचा, बाकी वह्या ठेवायची गरज नाही. पण त्या वाटेने मशीनचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी कमी होणाऱ्या किमतीची वजावट, वेगळा मिळत नाही, तो त्या टक्क्यातच धरलेला असतो. माझी उलाढाल ६० लाखांच्या आसपास. ४४एडीने साधारण ४ लाख ८० हजारांचं उत्पन्न दाखवता आलं असतं आणि कर शून्य आला असता, हे खरंच आहे. ज्याला कर्ज घ्यायचं नाही त्याने तीच वाट धरावी. मला मात्र मशीनसाठी कर्ज हवं होतं आणि बँक खरा नफा-तोटा नि ताळेबंद मागते. मी सुरुवातीपासून वह्या ठेवत आलो होतो, ४४एडी कधीच घेतलं नव्हतं, म्हणून ऑडिटचाही प्रश्न आला नाही. एकदा घेऊन मधेच सोडलं तर पुढची पाच वर्षं परत त्या वाटेला जाता येत नाही, हे ध्यानात ठेवावं.

दुसरी गोष्ट जीएसटीची. मी आधी कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठराविक टक्के कर भरायच्या योजनेत होतो. घरगुती गिऱ्हाईक असेल तर ती योजना बरी, पण तिच्यात खरेदीवरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या भरायच्या करातून वजा करणं, मिळत नाही. मशीनवर १८ टक्के कर जाणार हे दिसत होतं, शिवाय इंटिरियर डिझायनरांना टॅक्स इन्व्हॉइस लागायचं. म्हणून एप्रिल २०२४ पासूनच नेहमीच्या जीएसटीत आलो. वर्कशॉपमध्ये पडून असलेल्या प्लायवूड-लॅमिनेटवरचं क्रेडिटही आयटीसी-०१ हा फॉर्म भरून घेतलं. त्याला ३० दिवसांची मुदत असते.

मशीन ५ लाख ६० हजारांचं, त्यावर १ लाख ८०० रुपये जीएसटी. विक्रेत्याने आधी सुचवलं की थोडी रक्कम रोख द्या, बिल कमीचं करू. सीएबाईंनी सांगून ठेवलं होतं की एका दिवसात एका माणसाला १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर तेवढी रक्कम मशीनच्या किमतीतच धरत नाहीत, म्हणजे तिच्यावर कायमचा घसारा नाही. मी सगळे पैसे खात्यातूनच दिले आणि बिलावर माझा जीएसटी नंबर तिथंच तपासून घेतला. वाहतूक, क्रेन, थ्री-फेज वायरिंग आणि मशीन चालू होईपर्यंतचं कर्जाचं व्याज, हे मिळून ४० हजार झाले. तेही किमतीत मिळवायचे असतात. म्हणजे घसाऱ्यासाठी किंमत झाली ६ लाख. जीएसटीचं क्रेडिट घेतलं की त्या कराच्या रकमेवर घसारा मात्र घेता येत नाही. ब्लेड, राउटरचे बिट, एजबँडचा गम ही वापरून संपणारी वस्तू, ती त्याच वर्षीच्या खर्चात जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यंत्रसामग्रीवर वर्षाला १५ टक्के घसारा. पण घेतलेल्या वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्माच, साडेसात टक्के. बिलाची तारीख इथं चालत नाही, मशीन कामाला लागल्याची तारीख लागते. २०२४-२५ साठी ती शेवटची तारीख होती ३ ऑक्टोबर. मशीन आलं सप्टेंबरच्या अखेरीस, ऐन पितृपक्षात. आमच्या अण्णांचं म्हणणं, दसऱ्याला पूजा करून बटण दाबू. दसरा होता १२ ऑक्टोबरला. मी कॅलेंडर समोर ठेवलं. ३ ऑक्टोबरला घटस्थापना होती, पितृपक्ष आदल्या दिवशी संपत होता. अण्णांना घटस्थापनेचा मुहूर्त मनापासून पटला. त्या दिवशी कंपनीच्या माणसाने मशीन बसवून दिल्याचा तारखेसह रिपोर्ट दिला आणि पहिल्या किचनच्या पट्ट्या त्याच संध्याकाळी लावल्या. तो रिपोर्ट आणि त्या कामाचं डिलिव्हरी चलन मी फाइलला लावलं.

याचा फरक किती पडला? घसाऱ्याआधी माझा नफा ७ लाख ६० हजार. पूर्ण घसारा ९० हजार, म्हणून उत्पन्न ६ लाख ७० हजार. नव्या करपद्धतीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंत रिबेट होती, कर शून्य. निम्मा घसारा मिळाला असता तर उत्पन्न ७ लाख १५ हजार झालं असतं आणि उपकरासह १५,६०० रुपये भरावे लागले असते. जुन्या पद्धतीत उत्पादन करणाऱ्याला नव्या मशीनवर आणखी २० टक्के घसारा मिळतो. पण त्यासाठी १०-आयईए फॉर्म भरून नव्या पद्धतीतून बाहेर पडावं लागतं, आणि धंदेवाल्याला नव्या पद्धतीत परतायची संधी एकदाच. कर शून्यच होता, मग ती संधी कशाला खर्च करायची?

आयकराचं रिटर्न आयटीआर-३ या फॉर्ममध्ये भरलं. त्यात शेड्यूल डीपीएम या यंत्रसामग्रीच्या घसाऱ्याच्या तक्त्यात १८० दिवसांच्या वरची आणि खालची भर वेगवेगळ्या ओळीत लिहायची असते, तेवढं स्वतः बघून घ्या. पुढच्या वर्षी घसारा उरलेल्या ५ लाख १० हजारांवर, ७६,५०० रुपये. नको म्हणून तो टाळताही येत नाही, कायदा तो घेतलाच असं धरतो. ही कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला आहे आणि क्रमांक बदलले आहेत.

मशीनवरच्या जीएसटीचं क्रेडिट त्या महिन्याच्या २बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांच्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, दिसलंच नाही, कारण विक्रेत्याने त्याचं रिटर्न उशिरा भरलं. फोन करत राहिलो, पुढच्या महिन्यात आलं. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही. त्यामुळे माझ्याएवढ्या वर्कशॉपला आता घसाऱ्यापेक्षा हे क्रेडिट जास्त मोलाचं आहे असं माझं मत झालंय. डस्ट कलेक्टर घेतानाही मी किमतीच्या आधी विचारलं ते हेच, की तुमचं जीएसटी रिटर्न दर महिन्याला वेळेवर जातं का.